एक प्रवास, दोन तिकिटे

श्रोतेहो, आपल्या सोलापूरकडच्या आगगाडीच्या स्टेशनांची जुनी नावे आठवून पाहा. अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड, बार्शी रोड. या नावांतला 'रोड' हा शब्द फार प्रामाणिक आहे. तो उतारूला सांगतो, 'बाबा रे, गाव इथे नाही. गावाला जाणारा रस्ता तेवढा इथून सुटतो.' अक्कलकोट गाव स्टेशनापासून दहाअकरा किलोमीटर आत, गाणगापूर वीसेक किलोमीटर आत. आणि बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी; तिथून बार्शी सुमारे एकवीस मैल आणि दुसऱ्या अंगाला पंढरपूर तीस मैलांच्याही पुढे. म्हणजे तिकिटावर देवाच्या गावाचे नाव छापलेले असायचे, पण त्या तिकिटाने देवापर्यंत काही पोहोचता यायचे नाही. उरलेल्या वाटेचे दुसरे तिकीट, दुसरे भाडे आणि दुसरी घासाघीस ठरलेलीच.

आजचा विषय हाच. आगगाडी आणि मोटार यांचे मिळून एक तिकीट असावे, आणि एकत्र तिकीट काढणाऱ्याला काही सूट मिळावी, ही कल्पना आपल्या भागात कुठून आली, किती चालली आणि कुठे अडली, ते आज पाहू.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५८ साली पुण्यास आणि १८६० साली सोलापूरला पोहोचली. पुढे १८७१ साली ती रायचूरला मद्रासकडच्या रेल्वेला जाऊन मिळाली. रूळ टाकणारे इंजिनीअर मुंबई-मद्रास अशा लांबच्या नजरेने नकाशा पाहत होते. त्यामुळे पंढरपूर, बार्शी, तुळजापूर, अक्कलकोट ही माणसांच्या वर्दळीची गावे बाजूला राहिली आणि गाडी माळरानातून सरळ निघून गेली. गाव आणि स्टेशन यांच्यामधली ही मोकळी जागा बैलगाड्या, दमण्या आणि टांगे यांनी भरून काढली. आषाढी-कार्तिकीला या टांगेवाल्यांचा भाव काय होत असेल, याची कल्पना आजही यात्रेत रिक्षा केलेल्या माणसाला सहज येईल!

बार्शीच्या व्यापाराची ही अडचण ओळखून एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनीअरने अडीच फुटी रुळांची छोटी गाडी काढली. ती 'बार्शी लाइट रेल्वे' १८९७ साली बार्शी रोडहून बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ साली तिचा फाटा पंढरपूरला गेला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. आपल्याकडची म्हातारी माणसे अजूनही तिच्या गोष्टी सांगतात. तिच्या मंद चालीच्या गमती पुष्कळ आहेत, पण तो आजचा विषय नव्हे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून छोटीत बसावे लागे. रुळांची रुंदी वेगळी, कंपनी वेगळी, आणि म्हणून हिशेबही वेगळा.

आता इथे शिक्षक बंधुभगिनींनी खडू हातात घ्यावा. रेल्वेच्या भाड्याचा एक जुना नियम आहे. अंतर वाढत जाते तसा पुढच्या मैलांचा दर उतरत जातो. आकडे समजण्यापुरते घेऊ. समजा, पहिल्या ५० किलोमीटरना किलोमीटरमागे ५० पैसे आणि त्यापुढच्या अंतराला ३० पैसे असा दर आहे. १०० किलोमीटरचे एकच तिकीट काढले, तर २५ रुपये अधिक १५ रुपये, म्हणजे ४० रुपये पडतील. पण मध्ये सांधा आला, ५० किलोमीटरचे एक आणि पुढच्या ५० चे दुसरे अशी दोन तिकिटे काढावी लागली, की २५ आणि २५ मिळून ५० रुपये झाले. अंतर तेच, माणूस तोच, गाठोडे तेच. दहा रुपये कुठे गेले? ते सांध्यात गेले. शिवाय प्रत्येक तिकीट ठरावीक पूर्ण रकमेपर्यंत वर चढवतात. दोन तिकिटे काढली, की दोनदा चढवणी.

एस.टी.चाही असाच एक बारकावा आहे. तिचे भाडे टप्प्यावर ठरते आणि टप्पा सहा किलोमीटरांचा. आपले गाव टप्प्याच्या रेघेपलीकडे एक किलोमीटर असले, तरी पुढच्या अख्ख्या टप्प्याचे पैसे मोजावे लागतात. एका सलग प्रवासात असे एकदाच होते. गाडी बदलून तीन तिकिटे काढणाऱ्याला ते तीनदा भोगावे लागू शकते. म्हणून म्हणतो, एकत्र तिकिटाचा प्रश्न केवळ खिडकीवरची रांग वाचवण्याचा नाही. ज्याचे गाव रुळांपासून लांब, त्याला तोच प्रवास महाग पडतो, आणि अशी गावे बहुधा गरिबांचीच असतात.

मग एकत्र तिकीट का निघत नाही? लोकांना वाटते, एक कागद छापायला असे काय लागते? छापायला काहीच लागत नाही. जुने जाड पुठ्ठ्याचे रेल्वे तिकीट पुष्कळांनी पाहिले असेल. टॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तराने एकोणिसाव्या शतकात ते काढले. प्रत्येक तिकिटावर क्रमांक असे, म्हणून किती विकली गेली याचा पत्ता लागे. पण तिकिटाने दोन कंपन्यांच्या रुळांवरून प्रवास झाला, तर आलेल्या रुपयातले किती आणे कोणाचे? या एका प्रश्नासाठी १८४२ साली लंडनमध्ये रेल्वे कंपन्यांनी एक स्वतंत्र कचेरी उघडली. तिचे काम दिवसरात्र एकच: गोळा झालेली तिकिटे पाहायची आणि ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला पोहोचवायचा. आपल्या देशातल्या रेल्वे कंपन्यांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी एकत्र बसून एकमेकींच्या उतारूंसाठी नियम केले. तेव्हा ध्यानात ठेवा, एकत्र तिकिटाचा जीव कागदात नसतो, वाटणीच्या वहीत असतो.

रूळ आणि रस्ता यांची अशी वाटणी आपल्या देशात झालेली आहे, बरं का. तिला रेल्वेच्या भाषेत 'आउट एजन्सी' म्हणत. जिथे रूळ पोहोचत नाहीत अशा गावात रेल्वे एक कचेरी नेमायची. ती चालवणारा ठेकेदार रस्त्याने उतारूंची व मालाची ने-आण करायचा, आणि तिकीट किंवा पावती मात्र थेट रेल्वेची मिळायची. श्रीनगर, शिलाँग, नैनिताल अशा ठिकाणच्या आउट एजन्स्या नावाजलेल्या होत्या. यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. ही बहुतेक थंड हवेची ठिकाणे, साहेबलोकांच्या उन्हाळ्याची. मोठा उतारू, मोठे सामान, मोठे भाडे. तिथे वाटणीची वही लिहिणे परवडत होते. तिसऱ्या वर्गाने पंढरीला जाणाऱ्या वारकऱ्यासाठी ती वही कोण लिहिणार? यात्रेच्या गर्दीत त्याला मालगाडीच्या डब्यांतसुद्धा बसवून नेण्याची त्या काळी रीत होती. महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर १९१७ साली स्वतंत्र पुस्तिका लिहिली, ती उगीच नव्हे.

पहिल्या महायुद्धानंतर खेड्यापाड्यांत सर्व्हिस मोटारी धावू लागल्या. मोटारवाला थेट वेशीत यायचा, हात केला की थांबायचा, भरल्याशिवाय हलायचा नाही आणि भाडे तोंड पाहून सांगायचा. तरी लोक त्याच्याकडे वळले, कारण तो दारापर्यंत सोडायचा. रेल्वे कंपन्यांचे उत्पन्न खाली आले. सरकारने मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना चौकशीला बसवले. त्यांचा अहवाल १९३३ साली आला. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला आणि परवाने, मार्ग, दर यांना शिस्त लागली. त्या सगळ्या खटपटीत रेल्वेची दृष्टी मोटारीला आवरण्याची होती. तिला जोडीला घेण्याचा विचार बोलण्यात पुष्कळ आला, तिकिटाच्या खिडकीपर्यंत मात्र क्वचितच पोहोचला.

मात्र सोलापूरच्या अगदी शेजारी, निजामाच्या हद्दीत, वेगळाच प्रयोग चालू होता. तुळजापूर सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर, पण तेव्हा ते दुसऱ्या राज्यात. तिथल्या 'निजाम्स स्टेट रेल्वे'ने १९३२ साली स्वतःच मोटार खाते उघडले. सुरुवातीला २७ बसगाड्या आणि १६६ नोकर. रूळही रेल्वेचे, बसही रेल्वेची! सरकारी मालकीची प्रवासी मोटार वाहतूक म्हणून देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. जिथे मालक एक, तिथे मोटार आणि आगगाडी एकमेकींच्या जिवावर उठत नाहीत, हा त्यातला साधा मुद्दा. रेल्वे जिथे संपते तिथून बस निघावी, तिच्या पायात पाय घालू नये. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर रेल्वे केंद्राकडे गेली आणि बसखाते १९५१ साली राज्याकडे आले. एका घराची दोन घरे झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा आपल्याकडे आला तेव्हा आल्या त्या नुसत्या बस. रूळ आणि रस्ता एका हातात ठेवण्याची ती कल्पना मागेच राहिली. माझ्या मते आपल्या भागाच्या वाहतुकीच्या इतिहासात हे पान फारच थोडे वाचले गेले आहे.

इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली. १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. त्यातली एक गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. एस.टी.च्या भांडवलात केवळ राज्य सरकारचे पैसे नव्हते; रेल्वेचेही होते. ढोबळ मानाने राज्याचे दोन रुपये तर केंद्राचा, रेल्वेच्या हातून, एक रुपया असा हिशेब होता. हेतू स्पष्ट होता. रेल्वेचा पैसा गुंतला म्हणजे तिचा माणूस महामंडळाच्या बैठकीत बसेल, आणि दोघे मिळून वेळापत्रक, मार्ग आणि भाडे यांचा मेळ घालतील. १९५४ साली बार्शी लाइट रेल्वे सरकारने विकत घेतली. म्हणजे त्या वर्षी मोठी गाडी सरकारची, छोटी गाडी सरकारची, एस.टी. सरकारची आणि एस.टी.त रेल्वेचा पैसा! एकत्र तिकिटाला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळायचा? १ एप्रिल १९५७ ला पै-आणे जाऊन दशमान नाणी आली, आकडेमोडही सोपी झाली. तरी कुर्डुवाडीला उतरलेला वारकरी दुसऱ्या खिडकीपुढे उभाच राहिला.

याचे कारण सवलतींत आहे, आणि इथे जरा थांबून पाहायला हवे.

सवलत म्हणजे कोणीतरी कोणाचे तरी पैसे भरणे. उतारू अर्धे देतो तेव्हा उरलेले अर्धे हवेतून येत नाहीत. एस.टी.च्या बहुतेक सामाजिक सवलतींचे पैसे राज्य सरकार महामंडळाला भरून देते. रेल्वेच्या सवलतींचा भार रेल्वे, म्हणजे केंद्र, स्वतः सोसते. दोन घरची दोन दप्तरे. म्हणून दोघांचे नियमही आपापल्या वाटेने वाढत गेले आणि आज ते एकमेकांशी जुळत नाहीत.

उदाहरण घेऊ. अक्कलकोट तालुक्यातले एक कुटुंब पुण्याला निघाले आहे. शहात्तर वर्षांची आजी, सून, मुलगा आणि अकरा वर्षांचा नातू. गावाहून सोलापूरपर्यंत एस.टी.ने आले. आजीला भाडे नाही, कारण २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या नागरिकांना एस.टी.त मोफत प्रवास आहे. सुनेला अर्धे, कारण १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे. नातवाला अर्धे, मुलाला पूर्ण. आता हीच मंडळी सोलापूर स्टेशनच्या खिडकीवर गेली. आजीला पूर्ण भाडे! एके काळी रेल्वेत साठीपुढच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना पन्नास टक्के सूट होती. ती २० मार्च २०२० पासून थांबवण्यात आली. सुनेलाही पूर्ण. नातवाला साध्या डब्यात अर्धे, पण २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे त्याच्यासाठी राखीव जागा मागितली की पूर्ण. आता सांगा, या चौघांचे गाव ते पुणे असे एकच तिकीट काढायचे झाले, तर त्यावर सवलत कोणती लिहायची? आजी अर्ध्या वाटेवर मोफत आणि अर्ध्या वाटेवर पूर्ण. कागद एक झाला तरी त्याच्या पोटात दोन हिशेब राहणारच.

आणि मधला तुकडा विसरू नका. एस.टी. स्थानक ते रेल्वे स्टेशन हे अंतर मोठे नाही, पण आजी आणि गाठोडे बरोबर असले म्हणजे ते मोठेच. तिथे महापालिकेची सिटी बस किंवा रिक्षा. सिटी बस ही महापालिकेची, एस.टी. महामंडळाची नव्हे, तिचा कारभार आणि पास वेगळा. म्हणजे तीन तुकडे, तीन धनी.

हीच मंडळी गाणगापूरला निघाली तर आणखी गंमत. महाराष्ट्राची महिला-सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. गाणगापूर कर्नाटकात. सीमेपर्यंत अर्धे आणि सीमेपुढे पूर्ण असे एकाच आसनावर बसून भाडे बदलते. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून महिलांना मोफत बसप्रवासाची योजना आणली, पण ती तिथल्या रहिवासी महिलांसाठी. आपल्या सीमेवरच्या गावांत सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात असते. तिथे हे सगळे बायका तोंडपाठ करून बसल्या आहेत. मास्तरांनी शिकवायची गरज नाही.

रोज ये-जा करणाऱ्याचे दुखणे निराळे. एस.टी.त वीस दिवसांचे भाडे भरले की तीस दिवस जाता येते, आणि पन्नास दिवसांचे भरले की नव्वद दिवस. विद्यार्थ्याला तर भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो, आणि ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना मोफत पास मिळतो. रेल्वेचा मासिक पास दीडशे किलोमीटरपर्यंत निघतो, म्हणून कुर्डुवाडी-सोलापूर हे ऐंशीएक किलोमीटर त्यात आरामात बसते. दोन्ही पास आपापल्या जागी स्वस्त आहेत. पण माढ्याकडच्या खेड्यातून एस.टी.ने कुर्डुवाडीला आणि तिथून गाडीने सोलापूरला येणाऱ्याला दोन्ही पास बाळगावे लागतात. एकाची मुदत महिन्याच्या मध्याला संपते, दुसऱ्याची अखेरीला. संपाने किंवा पावसाने एक वाहन बंद पडले, तर दुसऱ्याच्या पासाचे दिवसही फुकट जातात. त्याची भरपाई कोणी देत नाही, कारण दोघांच्याही दप्तरी तो माणूस अर्धाच आहे.

परदेशात हा गुंता सोडवलेला आहे काय? काही ठिकाणी सोडवला आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात १९६५ साली आगगाडी, बस आणि होड्या चालवणाऱ्यांनी मिळून एक संघ केला, आणि पुढे एकाच तिकिटावर तिन्हींतून जाता येऊ लागले. आलेले पैसे एका ठिकाणी गोळा करून ठरलेल्या प्रमाणात वाटायचे, ही त्याची किल्ली. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या खेड्याला टपालखात्याची पिवळी बस जाते. तिथे निम्म्या भाड्याचे एक ओळखपत्र घेतले, की ते आगगाडीतही चालते आणि त्या बसमध्येही. म्हणजे सवलत वाहनाला चिकटलेली नसून माणसाला चिकटलेली आहे. मला त्यातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे मुंबईत २००७ साली बेस्टची बस आणि लोकलगाडी यांसाठी 'गो मुंबई' नावाचे एक कार्ड निघाले होते. ते टिकले नाही. ४ मार्च २०१९ रोजी देशभर चालेल असे सामायिक प्रवास कार्ड जाहीर झाले. ८ ऑक्टोबर २०२५ ला 'मुंबई वन' या नावाने मोबाइलवरची सोय सुरू झाली. तिच्यात उपनगरी रेल्वे, मेट्रो, मोनोरेल आणि बेस्ट, ठाणे, नवी मुंबई वगैरेंच्या बस धरून अकरा वाहतूक संस्था एकत्र आणल्या आहेत, आणि अनेकांची तिकिटे एका वेळी काढता येतात. ही मोठी मजल आहे, यात शंका नाही. पण पैसे एकदा भरणे वेगळे आणि भाडे एकच लागणे वेगळे. ज्याच्या मोबाइलमध्ये पैसे नाहीत किंवा मोबाइलच नाही, त्या उतारूचे काय, हाही प्रश्न आहेच. आणि तो मुंबईपेक्षा मंगळवेढ्याला अधिक बोचतो.

सोलापूर भागात तूर्त जे आहे त्यातूनच वाट काढायची. रेल्वेची चक्राकार प्रवासाची तिकिटे शिक्षकांनी सहलीसाठी जरूर ध्यानात ठेवावीत. ज्या स्टेशनवरून निघाला तिथेच परत येणार असाल, तर साऱ्या वाटेचे एकच तिकीट मिळते, लांब अंतराच्या उतरत्या दराचा फायदा होतो आणि वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरता येते. एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास १९८८ पासून आहे. विद्यार्थ्यांना, दिव्यांगांना आणि काही आजारांच्या रुग्णांना रेल्वेतल्या सवलती २०२० नंतरही चालू राहिल्या. त्यांचे दाखले मुख्याध्यापकांनी वेळेवर द्यावेत, कारण दाखला नसला तर खिडकीवर कोणाचेच काही चालत नाही.

आणि पंढरीचे म्हणाल, तर तिथला सांधा लोकांनी आपल्या परीने बुजवत आणला आहे. कुर्डुवाडी-पंढरपूर रूळ या शतकाच्या आरंभी रुंद झाले, त्यामुळे मोठी गाडी आता थेट जाते. दुसरीकडे अलीकडच्या आषाढीत एस.टी.ने असे ठरवले, की एखाद्या गावातून चाळीस किंवा अधिक वारकरी एकत्र जमले, तर बस त्यांच्या गावातूनच थेट पंढरपूरला सोडायची. तीत बायकांना अर्धे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत, हे नियमही तसेच लागू. नावे आणि वये लिहून ती यादी आगाऊ आपल्या आगारात द्यावी लागते. हे काम गावात बहुधा शाळेच्या मास्तरांकडेच येते.